चाळीस शेरांचं मन

आमच्या घरात 'ण' फार होता. एकेका घरात देव फार असतात, एकेका घरात औषधाच्या बाटल्या. आमच्या खांदेश्वरच्या दोन खोल्यांत ण होता, आणि तो बाबांनी आणला होता. बाबा उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. त्या गावात ण हे अक्षर शाळेच्या फळ्यावर राहायचं, माणसांच्या तोंडात नाही. माणसं पानी प्यायची, जेवन करायची, कोन आलंय ते बघायला दारात यायची, आणि त्यापायी कुणाचं काही अडलं नव्हतं. बाबांचं अडलं. ते कंटेनरच्या गोदामात कारकून म्हणून लागले आणि पहिल्याच महिन्यात साहेबांच्या केबिनमध्ये 'पानी' म्हणून बसले. केबिनमधली माणसं हसली. कुणी वाईट बोललं नाही, नुसती हसली. त्या दिवशी बाबांनी ठरवलं की यापुढे तोंडात 'न' आला की त्याचा ण करायचा. पण कुठल्या 'न'चा ण करायचा आणि कुठला तसाच सोडायचा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे 'पाणी' सुधारलं, 'कोण' सुधारलं, आणि त्याच झपाट्यात मिनिटाचं मिणिट झालं, धन्यवादाचं धण्यवाद झालं आणि मनाचं मण झालं. "माझं मण लागत नाही," असं ते म्हणाले की आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता विचारायची, "किती शेरांचं?" चाळीस शेरांचा एक मण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या सासऱ्यांनी सगळा जन्म मीठ ओढलं होतं.

माझं नाव प्रणाली. त्यातला ण हाही बाबांचाच हट्ट. आईला ते नाव आजवर जमलेलं नाही, ती मला पनू म्हणते. आता माझी चाळिशी जवळ आली, खारघरला माझी स्वतःची खोली आहे, दारावर पाटी आहे, पाटीवर नावापुढे दोन पदव्या आहेत, आणि आई अजून खोलीत डोकावून 'पने, जेवलीस का' असं विचारते तेव्हा समोर बसलेल्या पालकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. या खोलीत मी मुलांशी खेळते. मोठ्या मुलांशी खेळते, त्यांच्या आईवडिलांशीही खेळते. हाच माझा धंदा. लोक त्याला प्ले थेरपी म्हणतात आणि पहिल्या दिवशी हमखास विचारतात, 'पण नुसतं खेळून काय होणार?' मी शिकलेली उत्तरं बरीच आहेत. पण तो प्रश्न आला की मला ऑफिसच्या इस्त्रीच्या पँटमध्ये रेतीत उकिडवे बसलेले बाबाच दिसतात.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. स्टेशन तेव्हा कोरं करकरीत होतं आणि भोवती माणसांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. नळाला सकाळी एकदा आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एकदा पाणी यायचं. नक्की कधी ते त्या नळालाच माहीत. ज्याच्या नळात पहिल्यांदा फुसफुस होई, तो गुपचूप बादल्या लावी आणि शेजाऱ्याला सांगत नसे. सोसायटीतली निम्मी भांडणं तिथली. आमच्या भिंतीपलीकडे मराठवाड्याच्या एक मावशी राहायच्या. त्यांची भाकरी ज्वारीची, आमची तांदळाची. थापण्याच्या आवाजावरून कुठली कुठे चालली आहे हे मला अंथरुणातून कळायचं. रविवारी आई निवट्यांचं कालवण करायची, म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे ते बोटभर मासे, चिंचेचा कोळ घालून. एरवी सुकट, नाहीतर बोंबील. बाल्कनीत बोंबील वाळत घातले म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी एकदा तक्रार घेऊन आले होते. आईनं त्यांना पाटावर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की नाक तुमचं हाय, बोंबील माझे हायत, तेव्हा ज्यानं त्यानं आपापलं सांभाळावं. बाबा आतल्या खोलीत तोंड लपवून बसले होते. आईला कशाचीच लाज नव्हती आणि बाबांना सगळ्याचीच होती, असं मला तेव्हा वाटायचं.

दुसरीपर्यंत मी गावीच होते, आणि शाळा सोडली तर माझा सगळा वेळ आजोबांच्या मागे मागे फिरण्यात जायचा. आजोबा मिठागरावर कामाला होते. खाडीला लागून बांध, बांधाच्या आत मोठं तळं, आणि त्याच्या पुढे नजर जाईल तिथवर चौकोनी वाफे, एकाला एक लागून. बांधात एक लाकडी झडप असायची, तिला आमच्याकडे उघाडी म्हणतात. भरती लागली की आजोबा ती उघाडी वर उचलायचे. खाडीचं पाणी तळ्यात, तळ्यातून वाफ्यांत, आणि मग पंधरा दिवस उन्हाचं काम. मीठ धरलं की लाकडी फावड्यानं ते ओढून ढीग लावायचे. या सगळ्यात माझंही एक काम होतं. आजोबा उघाडीपाशी असत आणि मी शेवटच्या वाफ्याच्या बांधावर. पाण्याचं तोंड माझ्या वाफ्यात शिरलं की मी ओरडायचं, "पानी आयला!" तेवढं ऐकलं की ते उघाडी पाडायचे. मी ओरडले नाही तर वाफे तुंबतील आणि मिठाची माती होईल, असं त्यांनी मला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. त्यांना दिसायचं सगळं. पण मी सहा वर्षांची होते आणि माझ्या ओरडण्यावर अख्खं मिठागर चालतं असं मला वाटायचं. तो अभिमान मला त्यानंतर कुठल्याच पदवीनं दिला नाही.

आजोबा गेले आणि आम्ही खांदेश्वरला आलो. मला तिसरीत घातलं. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात हात वर करून विचारलं, "बाई, पानी पियाला जाऊ?" वर्ग हसला. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी हसू आवरून सांगितलं की पाणी म्हण, ण, जीभ वर लाव. मी म्हटलं, पानी. पुन्हा म्हण. पानी. मग त्यांनी सगळ्या वर्गाला एकसुरात म्हणून दाखवायला सांगितलं, आणि साठ पोरं माझ्याकडे बघत 'पाणी, पाणी, पाणी' असं दहा वेळा म्हणाली. त्या दिवशी मी पाणी प्यायले नाही. मधल्या सुट्टीत माझं नाव पानीवाली पडलं. आणि त्यानंतर मी शाळेत तोंड उघडलं नाही. एक दिवस नाही, आठवडा नाही, जवळजवळ सगळं वर्ष. हा काही हट्ट नव्हता. आवाज घशापर्यंत यायचा आणि तिथं कुणीतरी उघाडी पाडावी तसा अडायचा. हजेरीला मी हात वर करायची. मार पडला तरी रडायची नाही, कारण रडण्यालाही आवाज लागतो.

बाबांना हे कळलं तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले. त्यांनी ठरवलं की मुलीला ण आला की सगळं ठीक होईल. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की गळ्यातलं ओळखपत्रही न काढता ते भिंतीवरचा आरसा खाली घ्यायचे आणि मला त्याच्यासमोर बसवायचे. बाण, लोणी, वेणी, पाणी. माझी हनुवटी दोन बोटांत धरून, अगदी प्रेमानं, चुचकारत. "म्हण बेटा, मणापासून म्हण." आतून आईचा आवाज यायचा, किती शेरांचं. एरवी मला हसू आलं असतं. पण त्या आरशात बाबांचा चेहरा माझ्या चेहऱ्याशेजारी दिसायचा आणि त्यांच्या कपाळावर घाम असायचा. हळूहळू मी बाबांशीही बोलायची थांबले. आईशी मी स्वयंपाकघरात कुजबुजत सगळं बोलायचे, आणि कुलुपात बाबांची किल्ली फिरली की गप्प. त्यांना ते बाहेरून ऐकू यायचं, म्हणजे आधी बोलणं आणि मग त्याचं थांबणं. पुढे मी मोठी झाल्यावर त्यांनी सांगितलं की कधी कधी ते किल्ली हातात धरून दाराबाहेर तसेच उभे राहायचे, मी बोलत होते तेवढं ऐकून घ्यायला.

दिवाळीनंतर मुख्याध्यापिकाबाईंनी बाबांना बोलावलं. वार्षिक परीक्षेत तोंडी परीक्षा असते, त्यात मुलगी बोलली तर चौथीत, नाही तर 'अशा मुलांची' शाळा असते तिकडे दाखला घेऊन जा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलगी मुकी तर नाही ना, असंही विचारलं. बाबा घरी आले, जेवले नाहीत. आईनं ताटात वाढलेले बोंबील झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी ती खाली उतरली आणि शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर गेली.

तिथं नीलिमाताईंनी नुकतीच खोली घेतली होती. ताई सोलापूरकडच्या, ठेंगण्या, केसांचा बॉयकट, आणि मुंबईत शिकून आलेल्या. दारावर 'खेळघर' एवढीच पाटी. त्या पाटीनं सोसायटीत गोंधळ उडवला होता. मराठवाड्याच्या मावशींना वाटलं पाळणाघर आहे. त्या नातवाला नऊ ते सहा ठेवता येईल का विचारून आल्या. ताईंनी सांगितलं की इथं मुलांना सोडून जायचं नसतं, मुलांबरोबर यायचं असतं. मावशी म्हणाल्या, मग काय उपेग? सेक्रेटरींचं मत होतं की हा वेड्यांचा दवाखाना आहे आणि फ्लॅटचे भाव पडणार. आई मात्र अर्धा तास आत बसून आली आणि रात्री बाबांना तिनं सांगितलं की पोरीला तिथं न्यायची. बाबा म्हणाले, खेळून बोलायला येत असतं तर मैदानातली सगळी पोरं वकील झाली असती. आई म्हणाली, आरशानं तरी कुठं झाली.

खेळघरात टेबल-खुर्ची नव्हती, हे मला पहिल्यांदा आवडलं. सतरंजी, बाहुल्या, एक मोडका फोन, लाकडाचे ठोकळे, आणि कोपऱ्यात पसरट पेटीत ओली रेती. ताईंनी मला नाव विचारलं नाही, बोल म्हणाल्या नाहीत. त्या स्वतःच खाली बसून ठोकळे रचायला लागल्या, आणि रचता रचता सहज म्हणाल्या, "इथं तू लिंबूटिंबू. लिंबूटिंबू आउट होत नाही." गल्लीतल्या खेळात अगदी लहान पोराला असं घेतात, त्यानं काहीही केलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मी नऊ वर्षांची घोडी, पण ते ऐकून माझे खांदे खाली आले. आजही नवीन मूल आलं की मी हेच वाक्य म्हणते. मागच्या महिन्यात एका निवृत्त अधिकाऱ्याला म्हटलं. ते मुलाशी बारा वर्षं धड बोलले नव्हते आणि दोघं माझ्यासमोर पत्ते घेऊन बसले होते. त्यांनी पानं पिसायला घेतली.

मी रेतीकडे गेले ती तिथलीच झाले. आठवड्यातून दोनदा आई मला न्यायची आणि दोन्ही वेळा मी एकच गोष्ट करायचे. बोटानं कड धरून चौकोन, त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. प्रत्येकाच्या चारी बाजूंना भिंत. पेटी भरून चौकोन. शेवटी मी त्यांच्या कडेला हात टेकून बसायचे आणि वाट बघायचे. ताई बाजूला बसून बघायच्या, मध्येच एखादी बाहुली पुढे करायच्या. मला बाहुली नको असायची. असं महिनाभर चाललं. मग त्यांनी बाबांना बोलावलं.

बाबा शनिवारी अर्ध्या दिवसानंतर थेट ऑफिसातून आले. ओळखपत्र गळ्यात, बूट दाराबाहेर, आणि तोंडात धुवून इस्त्री केलेली भाषा. "मॅडम, तिचं मण कशातच रमत णाही," असं ते म्हणाले. भीती वाटली की त्यांचे ण वाढायचे. ताईंनी त्यांना पेटीपाशी नेलं. मी तिथंच होते, माझे चौकोन पुरे करत. ताईंनी हलक्या आवाजात त्यांना समजावलं की मुलं तोंडानं सांगत नाहीत ते खेळातून सांगतात. ही रोज हेच करते आहे. बंद चौकोन, चारी बाजूंना भिंती, दार कुठं नाही. तिला कोंडल्यासारखं वाटत असावं, ही तिची कोठडी असावी.

बाबांनी वाकून बघितलं. मग ते उकिडवे बसले, पँटची इस्त्री मोडली, आणि त्यांच्या तोंडून जे बाहेर आलं ते मी खांदेश्वरला आल्यापासून पहिल्यांदा ऐकत होते.

"कोठडी नाय, ताई. हा मिठागर हाय. माझ्या बापाचा."

बाबांनी बाही वर सारली आणि पेटीच्या एका कोपऱ्यात, जिथं मी मोठं तळं करायला विसरले होते, तिथं हातानं खळगा केला. त्याच्या पुढे बांध घातला. बांधात बोटानं एक फट पाडली. खिशातून बसचं तिकीट काढलं, दुमडलं आणि त्या फटीत उभं खोचलं. ती उघाडी झाली. कपाटावर पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी ताईंना न विचारताच घेतला, तळ्यात पाणी ओतलं, आणि चिमटीत ते तिकीट धरून माझ्याकडे बघत बसले. मी शेवटच्या चौकोनाच्या कडेला हात टेकून होते, रोजच्यासारखी. बाबांनी तिकीट उचललं. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आलं. रेतीनं निम्मं पिऊन टाकलं, पण एक बारीकशी धार माझ्या बोटांपर्यंत पोचली.

"पानी आयला," मी म्हटलं. अगदी हळू, पण म्हटलं.

बाबांनी तिकीट खाली सोडलं, उघाडी पाडतात तसं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात रेतीनं भरलेले म्हणून त्यांना ते पुसता येत नव्हतं. ताईंनी त्या वेळी जे केलं त्याबद्दल मी त्यांना आयुष्यभर मानते. त्या बाबांना म्हणाल्या की मी चुकले, मला मिठागर माहीत नाही, मला शिकवा. आणि त्याही खाली बसल्या. शिकलेलं माणूस इतक्या सहज 'चुकले' म्हणतं हे बाबांनी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्याकडे आता तरुण मुली काम शिकायला येतात, पुस्तकं चाळून आलेल्या असतात, त्यांना मुलाच्या प्रत्येक रेघेचा अर्थ माहीत असतो. मी त्यांना एवढंच सांगते की अर्थ लावायची घाई करू नका, घरच्या माणसाला आत बोलवा, त्याला खाली बसवा.

त्यानंतर दर शनिवारी बाबा आणि मी. आमच्या आधी एक कॉलेजातली मुलगी आणि तिची आई यायची. त्या दोघी सापशिडी खेळत आणि इतक्या भांडत की ताईंना आत जाऊन फासे शोधावे लागत. त्यांचं संपलं की आम्ही. बाबांना खेळणं जमत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी रेतीत ठोकळ्यांचे कंटेनर रचले, नंबरवार, सरळ ओळीत, आणि हात बांधून बसले. मी माझी उघाडी उचलली आणि सगळं पाणी त्यांच्या यार्डात सोडलं. ठोकळे आडवे झाले. बाबा 'ए ए ए' करत पुढे झाले आणि मग असे हसले की दारातून सेक्रेटरी डोकावून गेले. घरातला आरसा पुन्हा भिंतीवर गेला. बाबा मला बाण-लोणी विचारीनासे झाले, आणि संध्याकाळी कुलुपात किल्ली फिरली तरी मी बोलतच राहायचे. पण हे सगळं घरात आणि खेळघरात. शाळेत घसा तसाच बंद होता, आणि परीक्षा तोंडावर आली होती.

ताई शाळेत गेल्या. त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे एकच मागणी केली, की मुलीला तिचा खेळ बरोबर आणू द्या. बाई म्हणाल्या, परीक्षा आहे की जत्रा? पण ताई उठेनात, तेव्हा दहा मिनिटं कबूल झाली.

खेळघरातली पेटी जड होती, दारातून निघेना. आईनं भाकरीचं पीठ मळायची पितळी परात काढून दिली. बाबांनी तिच्यात रेती भरली, ओली केली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि उपरण्याची चुंबळ करून परात डोक्यावर घेतली. त्यांच्या बापानं मिठाची पाटी अशीच वाहिली होती. हे मला तेव्हा सुचलं नाही, आईनं नंतर सांगितलं. अंगात ऑफिसचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर परात, असे ते भर दुपारी खांदेश्वरच्या रस्त्यानं चालले होते आणि मी त्यांच्या पुढे दप्तर घेऊन. सेक्रेटरींनी गेटवर विचारलं, काय हो, हे काय काढलंत? बोंबील वाळत घातले म्हणून तोंड लपवणारे माझे बाबा थांबून, मान ताठ ठेवून म्हणाले, "पोरीची परीक्षा हाय."

वर्गात टेबलामागे दोघी बसल्या होत्या, मुख्याध्यापिकाबाई आणि माझ्या वर्गाच्या बाई. बाबांनी परात जमिनीवर ठेवली आणि त्यांना दाराबाहेर थांबायला सांगण्यात आलं. मी खाली बसले. तळं केलं, बांध केला, चार वाफे केले. वहीच्या पुठ्ठ्याची उघाडी लावली. पाण्याच्या बाटलीतलं पाणी तळ्यात ओतलं. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीतून वाकून म्हणाल्या, "हे काय आहे, सांग." आणि माझा घसा मिटला. रोजच्यासारखाच मिटला. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू येत होते. माझ्या बाई म्हणाल्या, जाऊ दे, नाही बोलायची ती. मी दाराकडे बघितलं. बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते. ते 'म्हण' म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त दोन्ही मुठी एकावर एक धरल्या आणि वर उचलल्या, जड उघाडी उचलतात तशा.

मी पुठ्ठा उचलला. पितळी परातीत रेती पातळ होती, पाणी भराभर निघालं. पहिला वाफा, दुसरा, तिसरा. चौथ्यात त्याचं तोंड शिरलं, आणि ते शिरल्यावर ओरडायचं हे माझं काम होतं.

"पानी आयला!"

शेजारच्या वर्गातले पाढे थांबले. माझ्या बाईंनी सवयीनंच म्हटलं, "पाणी आलं, असं म्हण प्रणाली."

"नाय बाई," मी म्हटलं. "मिठागरात पानीच येतं."

मग मी थांबलेच नाही. आजोबा, भरती, उघाडी, पंधरा दिवसांचं ऊन, फावडं, ढीग, मला जे जे येत होतं ते सगळं मी त्या दोघींना सांगितलं, हाय आणि नाय सकट. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. माझ्या बाई खुर्ची सोडून परातीशेजारी येऊन बसल्या आणि मीठ किती दिवसांत धरतं ते पुन्हा विचारलं. हसल्याही, पण ते हसणं वेगळं होतं, लहान मुलाला तेवढं कळतं. मुख्याध्यापिकाबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि बाबांना आत बोलावलं. बाबांनी त्यांच्यासाठी एक आभाराचं वाक्य पाठ करून आणलं होतं, दोन दिवस मी ते घरी ऐकत होते, त्यात तीन ण होते. ते आत आले, परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते वाक्य त्यांनी म्हटलंच नाही. ते म्हणाले, "पोर माझी हाय, बाई." बस, एवढंच.

ते मिठागर आता नाही. तिथं कंटेनर रचलेले आहेत, आणि उरणला आता थेट गाडीही जाते. मी मोठी होऊन याच कामात आले, पुष्कळ मुलं बोलताना ऐकली, एका बाईंनी तर माझ्या खोलीत पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा लगोर फोडली आणि रडल्या. पण कुणी मला विचारलं की तू पाहिलेला सगळ्यात धीट माणूस कोण, तर मी माझ्या बाबांचं नाव सांगेन. सगळ्या गावासमोर परात डोक्यावर घ्यायला जे लागतं ते पुस्तकात नसतं.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. तिनं आमचे चेहरे बघितले. बाबांनी परात खाली ठेवली, चुंबळीनं तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून बसत म्हणाले, "आज मन भरलं." आईनं सवयीनं तोंड उघडलं. किती शेरांचं, हे तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण या वेळी विचारायला काही जागाच नव्हती. तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "परात मोकली करा ती. भाकऱ्या काय डोक्यावर मलू?"

रेती काढून परात मोरीत नेली, पण नळ कोरडा होता. बाबा आणि मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. साडेसहाच्या सुमाराला नळानं फुसफुस केली, खाकरला, आणि धार लागली. बाबा गडबडीनं बादली सरकवायला लागले. मी उठले, बाल्कनीत गेले, वाळत घातलेल्या बोंबलांखालून मान बाहेर काढली आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडले, "पानी आयला!"

खालच्या मजल्यांवर एकेक करत बादल्या वाजायला लागल्या.